नुसती मोटार मोठी करून भागत नाही



या पानावर एरवी भात, वाल आणि पाण्याच्या नोंदी असतात. आज रॉकेटची नोंद आहे. पण शेवटपर्यंत वाचा, दुखणं आपलंच आहे.

भात झोडून झालं आणि कॉलेजची चार पोरं शेत मागायला आली. हातात पुठ्ठ्याच्या नळीचं मॉडेल रॉकेट, हातभर लांब. "काका, पनवेलात मोकळी जागा राहिलीय कुठे?" म्हणाली. खोटं नव्हतं. हो म्हटलं.

पहिल्या दिवशी झकास उडालं. सरळ वर, मग छत्री उघडली, बांधापलीकडे अलगद उतरलं. गावची पोरं टाळ्या पिटत होती.

पुढच्या रविवारी तेच रॉकेट, पण मोटार मोठी. वीस-पंचवीस फूट गेलं, गिरकी घेतली, आडवं झालं आणि थेट शेजाऱ्याच्या पेंढ्याच्या उडवीत घुसलं. धूर निघाला. नशीब, फवारणीचा पंप साध्या पाण्याने भरून बांधावर ठेवला होता. उडवी वाचली. नाहीतर गुरांचा वर्षाचा चारा गेला असता आणि शेजाऱ्याला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पोरांना ओरडलो. मग चहा दिला आणि विचारलं, नक्की काय बदललंत?

त्यांनी समजावलं ते असं. खताच्या गोणीवर १०:२६:२६ लिहिलेलं असतं, तसं मोटारीवर सी६-५ लिहितात. अक्षर म्हणजे एकूण जोर. पुढचं अक्षर आलं की जोराची मर्यादा दुप्पट: बी ५ पर्यंत, सी १० पर्यंत, डी २० न्यूटन-सेकंदांपर्यंत. ६ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ५ म्हणजे जोर संपल्यावर किती सेकंदांनी छत्री बाहेर फेकायची.

पोरांनी सी काढून डी बसवली. सी १८ मिलिमीटर जाडीची, डी २४ ची, म्हणून आतली नळी बदलली. तेवढंच केलं. पण सी साधारण २४ ग्रॅमची आणि डी ४३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शेपटीला वीसेक ग्रॅम वाढले आणि नाक तसंच हलकं राहिलं.

हे ऐकलं आणि मला ट्रॅक्टर दिसला. मागे जड अवजार लावलं की पुढची चाकं उचलतात, म्हणून आपण पुढे वजनाच्या प्लेटा टाकतो. रॉकेटचंही तसंच. त्याचा तोल जिथे सांभाळतो ती जागा, हवेचा दाब जिथे एकवटतो त्या जागेच्या पुढे, निदान नळीच्या जाडीइतकी तरी हवी. तोल मागे सरकला की रॉकेट सरळ राहत नाही. उपाय दोन: नाकात वजन भरा, नाहीतर शेपटीचे पंख मोठे करा. तपासणी फुकटात होते. मोटार भरून, पण वात न लावता, तोलाच्या जागी दोरी बांधायची आणि रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर ठीक, नाहीतर उडवायचं नाही. पोरांना हे माहीत होतं. घाईत केलं नाही.

बरं, वजनावर थांबत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट. मग मऊ लाकडाचे पंख तुटतात, ते प्लायवूडचे करून पक्के चिकटवावे लागतात. रॉकेट उंच गेलं की वाऱ्याने लांब वाहतं, म्हणजे शेतही मोठं लागतं.

आता आपल्याकडे बघा. पाणी कमी येतं म्हणून ३ एचपीच्या जागी ५ एचपीचा पंप, पण पाइप तोच, केबल तीच, स्टार्टर तोच. मोटार जळली की दोष कंपनीला. त्या पोरांत आणि आपल्यात फरक काय? जोर वाढवणं सोपं असतं. तो जोर पेलणारं बाकी सगळं बदलायचा कंटाळा येतो.

माझं मत स्पष्ट आहे. पोरांना हाकलू नका. रिकाम्या शेतात असलं शिक्षण मिळतंय, मिळू दे. पण अटी घाला. शेत रिकामं हवं, गवत-पेंढा लांब हवा, पाणी भरलेला पंप शेजारी हवा. मोटार कारखान्यातलीच, दिवाळीच्या बाणांची दारू काढून घरी भरलेली अजिबात नको. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं १८८४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि बोटं जातात ती वेगळीच.

एक चूक माझीही झाली. मी शेताचा विचार केला, आभाळाचा नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडतात, तीही आपल्याच तालुक्यातून. फवारणीच्या ड्रोनलासुद्धा विमानतळाजवळ बंधनं आहेत. सी मोटारीवरचं हलकं रॉकेटच हजार फुटांच्या आसपास जाऊ शकतं, डीचं तर बोलायलाच नको. तेव्हा परवानगी हातात पडेपर्यंत आमच्या शेतात लहान मोटारसुद्धा नाही. डी उडवायची असेल तर विमानतळापासून लांब, मोठ्या माळावर, तीही रीतसर विचारून.

पोरं थोडी हिरमुसली. पण परवा खळ्यावर आली, नाकात वजन भरून दोरीची तपासणी करून दाखवली. नाक पुढेच राहिलं.

आता माझ्या विहिरीवरचा पाइप बदलायचा राहिलाय. तेवढं बोलायचा हक्क पोरांनी कमावलाय.