पाण्याच्या यंत्राची किल्ली गावातच हवी



एरवी या पानावर मी बेणे, खत आणि खोडवा यांविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. ऊस-नोंदणीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत खुपते, ती बोलल्यावाचून राहवत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पुष्कळ गावांत नाणे टाकून शुद्ध पाणी घ्यायची यंत्रे बसली आहेत. लोक त्याला ‘पाण्याचे एटीएम’ म्हणतात. पाचाचे नाणे टाकायचे आणि वीस लिटरचा कॅन भरून न्यायचा, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज. ही काही चैन नव्हे. या भागातल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले की लहान मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षे असले पाणी पोटात गेले तर हाडे-सांधे धरतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका गावी गेलो, तर यंत्र आठ दिवसांपासून बंद. बाया पुन्हा हातपंपावर गुंड घेऊन उभ्या. एक आजी म्हणाली, “साहेब, पैसा गेला तं गेला, पर पाणी काहून नाही देत हे?” किल्ली होती तालुक्याला, ठेकेदाराच्या माणसाजवळ. तो नवव्या दिवशी आला. पेटी उघडली, आत एक वाकडे नाणे अडकलेले. दहा मिनिटांत यंत्र सुरू झाले! दहा मिनिटांच्या कामासाठी अख्ख्या गावाने आठ दिवस बोअरचे पाणी प्यावे, हे मला पटत नाही.

हे यंत्र काही जादूचे नाही. तोंडाशी नाणे ओळखणारी छोटी पेटी असते. साध्या पेटीत नमुन्याचे एक नाणे तारेच्या वेटोळ्यांमध्ये बसवलेले असते. आपले नाणे घरंगळत जाताना धातू, जाडी आणि आकार नमुन्याशी जुळला, की झडप उघडते, नाणे गल्ल्यात पडते आणि पाणी सोडण्याचा इशारा जातो. नाही जुळले, तर नाणे खालून परत येते.

म्हणून आधी दोष ओळखावा. नाणे सारखे परत येत असेल, तर नमुना पाहावा. जुने जाड पांढरे पाचाचे नाणे २३ मिलिमीटरचे आणि ९ ग्रॅमचे. २०१९ च्या मालिकेतले पिवळे नाणे २५ मिलिमीटरचे. दोन्ही खरी, पण एका नमुन्यावर दोन्ही चालणार कशी? कोणते नाणे चालते, ते पाटीवर लिहावे. नाणे अडकले, तर परत देणारी कळ दाबावी. तार किंवा चाकू खुपसू नये. कळ दाबूनही निघाले नाही, तर वीज बंद करून पेटी उघडावी आणि कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी. नाणे आत गेले पण पाणी आले नाही, तर टाकीत पाणी आहे का, विजेचा दाब पुरेसा आहे का, हे पाहावे. गल्ला काठोकाठ भरला तरी नाणी वर तुंबतात.

गल्ल्याचे आणखी एक दुखणे आहे. दिवसाला शंभर कॅन गेले, तर आठवड्यात सातशे नाणी कुलपात पडतात. महिनाभर गल्ला उघडला नाही, तर गावातली चिल्लर त्यातच अडकते, आणि नोट हातात असून माणूस तहानलेला परत जातो. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली मोबाइलवरून पैसे घेऊन नाणी देणारी यंत्रे १२ शहरांत प्रयोगादाखल लावायचे जाहीर केले. आपल्या खेड्यात ते काम किराणा दुकानदारच करील. दर आठवड्याला गल्ला उघडावा, नाणी मोजून दुकानदाराला द्यावीत, त्याच्याकडून नोटा घ्याव्यात. तीच नाणी पुन्हा घराघरांत जातील.

कोणी म्हणेल, किल्ली गावात ठेवली तर पैशाला पाय फुटतील. शंका खोटी नाही. पण आपण वजनकाट्यावर विश्वास का ठेवतो? तपासणी डोळ्यांदेखत होते आणि पावती हाती पडते म्हणून. तसेच इथे करावे. ग्रामपंचायतीने ठेकेदाराशी करार करतानाच एक किल्ली गावासाठी मागून घ्यावी. ती बचत गटाच्या एका बाईकडे द्यावी, गल्ला दोघांसमोर उघडावा, आकडा फळ्यावर लिहावा, आणि फिल्टर व दुरुस्तीसाठी ठराविक रक्कम आधी बाजूला काढावी.

गळीत हंगामात ऊसतोड मजूर आपल्याच शिवारात लेकराबाळांसह उतरतात. तेही याच यंत्रावर येतात. त्यांच्याजवळ नाणे नसले तर त्यांना परत पाठवू नका.

पुढच्या ग्रामसभेत एवढा एकच प्रश्न विचारा: किल्ली कोणाजवळ आहे?

आपला,
ऊस विकास अधिकारी