आडनावे वाढतात कशी, सरतात कशी



मतदार यादी घेऊन वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला एक गोष्ट चटकन दिसते. कोल्हापूर-सांगलीकडची माणसे राहतात त्या चाळीत ओळीने 'कांबळे' भेटतात. नागपूर-भंडाऱ्याकडच्या घरांत मेश्राम, रामटेके, खोब्रागडे ही नावे येतात. एखादे आडनाव मात्र सबंध यादीत एकदाच असते. मग तरुण मुले आम्हाला विचारतात, "काका, आपलं आडनाव इतकं कॉमन कसं? बदलून घेऊ का?"

प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. आडनाव ऐकून खोली भाड्याने नाकारली गेलेली असते, मुलाखतीत समोरच्याचा चेहरा बदललेला असतो. म्हणून आज आडनावाचा हिशेब नीट मांडू.

पहिली गोष्ट, नावाची रीत कायमची नसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगाव भीमा येथील विजयस्तंभ आपण पाहतो. त्यावर कोरलेल्या कित्येक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. तेव्हा आपल्या पूर्वजांच्या नावाला 'नाक' जोडण्याची रीतच होती. आज बारशाला असे नाव कोणी ठेवत नाही. एवढी रुळलेली रीत काही पिढ्यांत सरून गेली.

तिची जागा आडनावाने घेतली. गावात 'सखाचा रामा' एवढे सांगितले की भागत असे. पण शाळा, पलटण, रेल्वे, गिरणी यांच्या हजेरीपटावर तीन शब्द लागत. कोणी कुळाचे नाव सांगितले, कोणी गावाच्या नावाला 'कर' जोडले. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आणि तेच पुढच्या पिढ्यांना चिकटले.

बाबासाहेबांचे कुळ सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. २०१७ पासून हाच दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आज हे आडनाव जगभर ठाऊक आहे, पण ते लावणारी घरे थोडी. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार मुले लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव वाचले. त्यांच्या संसारातून आडनाव पुढे गेले ते या एका मुलामुळे. आडनाव किती घरांत आहे आणि ते किती मोठे आहे, हे दोन हिशेब वेगवेगळे आहेत.

या गणिताचा अभ्यास इंग्लंडमध्ये १८७४ साली गाल्टन आणि वॉटसन यांनी मांडला. बड्या घराण्यांची आडनावे नाहीशी का होतात, हा प्रश्न होता. उत्तर सोपे आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि प्रत्येक पिढीत काही घरांत मुलगा नसतो. ज्या आडनावाचे एकच घर आहे ते तिथेच थांबते. ज्याची हजार घरे आहेत त्याला दहा घरे कमी झाल्याने काही होत नाही. म्हणून लहान आडनावे निव्वळ योगायोगानेही सरत जातात आणि मोठी टिकून राहतात. घराणे थोर की हलके, याचा त्यात संबंध नाही.

आता जातीचे बघा. १९१३ साली बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून लढणारे नाशिकचे कर्मवीर दादासाहेबही गायकवाडच. कांबळे हे आडनाव बौद्धांत आहे, चर्मकारांत आहे, मातंगांतही आहे. मेश्राम गोंड बांधवांतही सापडतात. म्हणजे आडनावावरून जात ओळखणाऱ्याची विद्या कच्ची आहे. तरी तो विचारायचे सोडत नाही. तेव्हा लाज कोणाला वाटायला हवी, हे आपल्या मुलांना घरातच सांगा.

ज्याला आडनाव बदलायचे आहे त्याने जरूर बदलावे, तो त्याचा हक्क आहे. पण बदल शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, छापून घ्यावा आणि त्याच्या प्रती जपून ठेवाव्यात. जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या कागदावर एक नाव, बापाच्या कागदावर दुसरे आणि मुलाचे तिसरे असले की मुलाची फेरी वाढते. कधी प्रवेशाची मुदत निघून जाते. तीन पिढ्या जोडणारा कागद घरात नसेल तर हे नुकसान कोणी भरून देत नाही.

भगिनींनाही एक सांगायचे आहे. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे असा कायदा नाही. लावले तर माहेरच्या नावाचे दाखले टाकून देऊ नका, कारण तुमची जात वडिलांच्या कागदावरूनच सिद्ध होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. आजवर आडनाव मुलग्यावरच चालले आणि आई कागदातून गळाली. आता निदान तिचे नाव तरी दिसेल.

येत्या रविवारी एक काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना जवळ बसवा. त्यांचे गाव, त्यांच्या आईबापांची नावे, आधीचे आडनाव, कोणत्या शाळेत किंवा गिरणीत नाव लागले, हे सगळे मुलांच्या हाताने वहीत लिहून घ्या. ट्रंकेतले जुने दाखले काढून त्यांच्या दोन-दोन प्रती करा. सांगणारी माणसे आहेत तोवर हे उरकून घ्या.

जयभीम.