थर्मोस्टॅट बिचारा काय करणार!

तर झालं असं. डिसेंबर २०२२, रात्रीचे दोन. बाहेर पारा शून्याच्या खाली, आणि रेडिंगच्या आमच्या घरात आई विचारतेय, "अरे, एखादा पंखा आहे का रे घरात?" आई साताऱ्याहून पहिल्यांदाच इकडे आलेली. तिला वाटलं, विलायतेत असंच उकडत असेल.

खाली जाऊन पाहिलं तर भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर हीटिंग बंद. रेडिएटरला हात लावला तर चटका! काटा पाचावर आणला, टायमर बंद केला, तरी ढिम्म. शेवटी बॉयलरचा भिंतीवरचा स्विचच बंद केला, तेव्हा कुठे पंपाची घरघर थांबली.

(काका, तुम्ही फोनवर म्हणालात तसा 'माणूस' बोलावला होता हो.) माणूस आला, बॉयलरचं वय विचारलं, बारा वर्षं ऐकून मान हलवली आणि नवीन बॉयलरचा अडीच हजार पौंडांचा आकडा सांगितला. वर 'स्मार्ट' थर्मोस्टॅटही बसवून देतो म्हणाला. वरच्या मजल्यावर तो गेलाच नाही. मित्रांना विचारलं तर तिथेही तेच, स्मार्ट घे, फोनवरून बंद करता येतं.

इथेच माझं डोकं फिरलं. मंडळी, थर्मोस्टॅट काही बंद करत नाही हो! तो फक्त मागणी करतो. आमच्यासारख्या, गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरात त्याची वीज जाते टाकीच्या कपाटातल्या मोटरच्या व्हॉल्व्हकडे. मोटर व्हॉल्व्ह उघडते, पूर्ण उघडला की डबीतला एक छोटासा स्विच दाबला जातो, आणि तो स्विच बॉयलर आणि पंप चालू करतो. मागणी थांबली की मोटरची वीज जाते आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मागे खेचते. आता स्प्रिंग थकली किंवा दांडी अडकली, तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि स्विच दाबलेलाच राहतो. त्या स्विचला वीज थर्मोस्टॅटकडून येतच नाही, थेट मेनमधून येते. मग थर्मोस्टॅट कितीही कंठशोष करो, बॉयलर जळत राहणार. दोनशे पौंडांचा स्मार्ट लावला असता तर फोनवर सुंदर रंगात 'बंद' दिसलं असतं, एवढाच फरक!

तपासायला काय लागलं? व्हॉल्व्हच्या डबीला बाजूला एक खटका असतो. व्हॉल्व्ह मिटलेला असेल तर तो सरकवताना स्प्रिंगचा विरोध जाणवतो. बॉयलरचा स्विच परत चालू केला, थर्मोस्टॅट बंदच ठेवला, तरी आमचा खटका लुळा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डबीवर दोन टिचक्या मारल्या, खट्‌ आवाज आला आणि पंप बंद! दुसऱ्या दिवशी एका इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून डबी बदलली. पाणीसुद्धा काढावं लागलं नाही. डबी साठ पौंडांची, त्याची मजुरी वेगळी. बॉयलर अजून तोच आहे.

आता कोणी म्हणेल, उगाच गॅसशी खेळू नये. बरोबरच आहे. बॉयलरचं झाकण नोंदणीकृत गॅस इंजिनिअरशिवाय कोणी उघडू नये, मीही उघडलं नाही. डबीतही २३० व्होल्ट असतात. पण खटका बाहेरून हलवून पाहणं म्हणजे गॅसशी खेळणं नव्हे. आणि दरवर्षी पैसे मोजून आम्ही जी सर्व्हिसिंग करून घेतो, तिच्यात या व्हॉल्व्हकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, हे कोणाला सांगायचं?

त्या हिवाळ्यात सरकारने दर बांधून दिल्यावरही गॅसचं युनिट दहा पेन्सच्या वर होतं. चोवीस किलोवॉटचा बॉयलर तासभर पूर्ण ताकदीने जळला तर जवळपास अडीच पौंड. सतत तसा तो जळत नाही, पाणी तापलं की थांबतो, पण रात्रभराचा हिशेब मांडायची माझी हिंमत झाली नाही.

राग त्या माणसावर आहेच, पण त्याहून जास्त आपल्यावर आहे. आमचे आजोबा विहिरीच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह स्वतः उघडून साफ करायचे. आपण शिकलेसवरलेले, कॉम्प्युटरवाले, आणि घरातली वीज कुठून कुठे जाते हे विचारायला लाजतो. 'आपलं काम नाही ते' म्हणत सरळ कार्ड पुढे करतो. विकणाऱ्याला आणखी काय हवं?

असो. बॉयलर विझल्यावर पंप काही मिनिटं फिरत राहिला तर घाबरू नका, तो बिघाड नव्हे. कडाक्याच्या थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून काही बॉयलर आपणहूनही पेटतात. कॉम्बी असेल तर हा व्हॉल्व्ह तुमच्याकडे बहुधा नसेलच. बाकीच्यांनी आज टाकीच्या कपाटात डोकावून या, आणि हीटिंग बंद असताना खटका लुळा लागला तर खाली कॉमेंटमध्ये कळवा. आईने त्या रात्रीनंतर पंखा मागितला नाही, गोधडी मागितली :)