अंगणातील वृक्ष : स्वीटगम

स्वीटगम हा पूर्व अमेरिकेतील छायावृक्ष. त्याची पाने पाच टोकांच्या ताऱ्यासारखी असून शरद ऋतूत ती लाल-जांभळी होतात. न्यू जर्सीत प्रशस्त अंगण लाभलेल्या कुटुंबास तो शोभतो. त्यास भरपूर ऊन व ओलसर, किंचित आम्लधर्मी माती मानवते. तो 60 ते 75 फूट वाढतो. मुळे उथळ पसरतात. म्हणून घर व फरसबंदीपासून 20 फूट अंतर राखावे.

त्याची काटेरी फळे अनवाणी पायांस बोचतात. त्यामुळे अनेक जण सहसा फळ न धरणारा ‘रोटंडिलोबा’ वाण निवडतात. परंतु त्याच फळांतील बिया हिवाळ्यात गोल्डफिंच पक्ष्यांचा आहार होत. वृक्ष निष्फळ करणे ही सोय. तो वाटेपासून दूर लावणे ही यतना. सावली आपणांस मिळते, दाणा त्यांना.