दोराचा मान आणि केरसुणीचें काम

चैत्र शुद्ध एकादशीस, जिला पंचांगांत कामदा एकादशी म्हणतात, पंचवटींत श्रीकाळारामाच्या पूर्व दरवाजापाशीं दोन रथ सजून उभे राहतात. एक रामाचा, दुसरा गरुडाचा. रामरथाची जबाबदारी रास्ते आखाडा तालीम संघाकडे आणि गरुडरथाची अहिल्याराम व्यायामशाळेकडे, हें नाशिकच्या पोरासोरांसहि पाठ आहे. उत्सवाचे मानकरी बुवा देवाकडे तोंड करून रथापुढें उलट पावलीं चालतात. दोर ताणणारे तरुण, चाकाला अडण घालणारे जाणते गडी, गर्दी मागें सारणारे, वळणावर ओरडून इशारा देणारे, अशी ही सारी व्यवस्था हौसेवर आणि श्रद्धेवर चालते, मजुरीवर नव्हे. हाच प्रकार जळगांवीं कार्तिकी एकादशीस रथाला मोगरी लावणाऱ्यांचा, आणि हाच आमच्या गणपतिमंडळांचा. आमच्या उत्सवांचा गाडा सरकार ओढीत नाहीं. तो गल्लींतील स्वयंसेवक ओढतो.

हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, समाजसेवा ही परदेशांतून आलेली नवी चीज आहे असा आमच्यांतील कित्येक सुशिक्षितांचा समज दिसतो. अमेरिकेंत शिकागो येथें १९०५ सालीं रोटरी क्लब निघाला आणि १९१७ सालीं लायन्स क्लब. त्यांच्या शाखा आज नाशकांत आहेत आणि त्यांचें काम आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्याच १९०५ सालीं नामदार गोखले यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. त्याच्याहि पांच वर्षें आधीं ह्याच नाशकांत मित्रमेळ्याचे तरुण गणेशोत्सव आणि शिवोत्सव चालवीत होते. आणि आमच्या तालमींची परंपरा तर त्याहूनहि जुनी आहे. तेव्हां स्वयंसेवकांचा तुटवडा ही आमची अडचण नव्हे. आमच्या येथें सेवेचा मान होतो, आणि मान झाला कीं त्यास वारस उत्पन्न होतात. मग सेवा ही करावयाची वस्तु न राहतां राखावयाची वस्तु होऊन बसते. काम किती झालें यापेक्षां तें कोणास करूं द्यावयाचें नाहीं, याचाच विचार अधिक होतो.

यास पुरावा दूर शोधावयास नको. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारों माणसें शिस्तीनें मंदिरापर्यंत चालत गेलीं आणि त्यांस दरवाजे बंद आढळले. महिना उलटला. ९ एप्रिलचा रथाचा दिवस आला, तेव्हां उभय पक्षांत अशी तडजोड ठरली कीं, स्पृश्य व अस्पृश्य मानलेले अशा दोन्ही बाजूंच्या सशक्त माणसांनीं मिळून रथ ओढावा. ती तडजोड केवढीशी होती, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. गाभाऱ्यांत उभें राहण्याची जागा तिच्यांत नव्हती. उन्हांत घाम गाळण्याची जागा तेवढी होती. तीहि मिळाली नाहीं. सत्याग्रह्यांचा हात दोरास लागण्यापूर्वींच दंगल उसळली आणि रथ पळवून नेण्यांत आला. दगडांचा वर्षाव झाला. अनुयायांनीं डोक्यावर छत्र्या धरल्या असतांहि खुद्द डॉ. आंबेडकरांस किरकोळ दुखापत झाली. गुहकाच्या नावेंत बसतांना ज्या रामास विटाळ झाला नाहीं, त्याच्या रथाचा दोर मनुष्याच्या हातानें विटाळतो, हें त्या दिवशीं नाशिकनें जगास दाखविलें!

दादासाहेब गायकवाडांसारख्या ह्याच जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनीं तो लढा कमीअधिक नेटानें पांच वर्षें चालविला. दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, ह्याच जिल्ह्यांत येवल्यास, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें डॉ. आंबेडकरांनीं जाहीर केलें. पुढें १९४७ सालच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील दारें उघडलीं. जें काम रथाच्या एका दोरानें झालें असतें त्यास कायदा करावा लागला. आणि तोंपर्यंत जीं मनें तुटावयाचीं तीं तुटून गेलीं होतीं.

आज उघडपणें कोणी कोणाच्या हातांतील दोर हिसकावून घेणार नाहीं. कायदा आहे, आणि थोडीबहुत लाजहि आहे. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं. दोर, ढोल, ध्वज, गुलाल हें स्वयंसेवकाचें काम. आणि उत्सव उलटल्यावर मागें उरतें तें मात्र 'त्यांचें' काम, ही वांटणी आमच्या मनांत अजून जशीच्या तशी आहे. एका मोठ्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही मुद्दाम गोदाघाटावर गेलों. जोड हरवलेल्या चपला, नारळाच्या शेंड्या, चिखलांत तुडविलेलें निर्माल्य, उष्ट्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले यांचा खच पडला होता. आदल्या रात्रीं ज्यांच्या छातीवर बिल्ले चमकत होते, त्यांपैकीं एकहि तेथें नव्हता. होत्या त्या चारपांच झाडूवाल्या बाया, डोक्यास पदर गुंडाळून वांकलेल्या. त्यांतील एकीस आम्ही विचारिलें, "काल मिरवणूक पाहिलीत काय?" ती हंसून म्हणाली, "न्हाई बाबा. आज पाटं चारला यायचं व्हतं, मंग लवकर निजले."

जिच्या श्रमावांचून आमच्या उत्सवाची सांगता होत नाहीं, तिला उत्सव पाहण्यास सवड नाहीं. ज्याच्या आज्यास दोर नाकारण्यांत आला त्याच्याच नातवंडाच्या हातीं बहुधा ही केरसुणी असते, हें आम्ही लिहिलें तर कांहीं मंडळींस राग येईल. त्यांनीं एक वेळ पहाटे घाटावर जाऊन पाहावें आणि मग रागवावें.

ही वांटणी मोडतां येते. ती मोडून दाखविणारीं माणसें आपल्याच लोकांत होऊन गेलीं आहेत. १९१५ सालीं हरिद्वारास कुंभमेळा भरला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनीं तेथें स्वयंसेवकांचें मोठें पथक उभारिलें होतें आणि भारत सेवक समाजाचे डॉ. देव त्याचे आरोग्याधिकारी होते. डॉ. देवांनीं शौचासाठीं खड्डे खणविले होते. पण त्यांची देखभाल पगारी भंग्यांवरच सोंपविणें त्यांस भाग पडलें होतें. दक्षिण आफ्रिकेंतील फिनिक्स आश्रमाची मंडळी तेथें आली, आणि मैल्यावर माती लोटून त्याची विल्हेवाट लावण्याचें काम आम्हांस द्या, असें गांधीजींनीं सांगितलें. डॉ. देवांनीं तें आनंदानें दिलें. गांधीजींनीं आत्मचरित्रांत एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली आहे: मागणी आपली, पण तें काम करावें लागलें तें मगनलाल गांधींस, आपला वेळ तंबूंत बसून लोकांस दर्शन देण्यांतच गेला. पुढाऱ्याचें काम आणि स्वयंसेवकाचें काम यांतील हें अंतर आमच्या मंडळांच्या अध्यक्षांनीं अवश्य मनन करावें.

आणि गाडगेबाबा तर आमच्या घरचेच. नाशकांत त्यांनीं यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधली. घाटावरचा पूल त्यांच्या नांवाचा आहे. गांवांत शिरलें कीं प्रथम खराट्यानें रस्ता झाडावयाचा आणि रात्रीं कीर्तन, हा त्यांचा क्रम. कीर्तन ऐकण्यास लोक लोटत. पण सकाळचा खराटा पाहून जो हातीं दुसरा खराटा घेई, तोच खरा श्रोता. त्याच पुलाखालीं उष्ट्या पत्रावळी टाकून आम्ही पुलावरून त्यांच्या नांवाचा जयजयकार करीत जातों!

आमच्या जुन्या रीतींतहि एक चांगला धडा आहे. रंगपंचमीच्या रहाडी पेशवेकाळापासून चालत आल्या आहेत असें म्हणतात. वर्षभर फळ्या व माती घालून बुजविलेली रहाड गल्लींतील लोक उकरतात, धुतात, रंगानें भरतात. दिवसभर धप्पे मारण्याची मौज होते. आणि मग ती पुन्हां बुजवून रस्ता पूर्ववत् करावा लागतो. बुजविलें नाहीं तर उद्यां गाडी कोठून जाणार? म्हणजे उकरणें आणि बुजविणें हा एकाच उत्सवाचा भाग झाला. तसेंच गणेशविसर्जनाच्या दिवशीं 'देव द्या, देवपण घ्या' असें म्हणत गोदेच्या कांठीं मूर्ति स्वीकारावयास उभे राहणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. ढोल वाजवावयाच्या वयांत हीं पोरें पाण्याच्या कडेला तासन्‌तास उभीं असतात. कोणी त्यांस धर्मबुडवे म्हणतो, कोणी नमस्कार करून मूर्ति हातांत देतो. आमच्या मतें उत्सवाचे खरे मानकरी तेच.

येथवर स्वच्छतेची गोष्ट झाली. प्राणाची गोष्ट याहून गंभीर आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थाच्या पर्वणीस रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें मृत्यु पावलीं. उधळलेलीं चांदीचीं नाणीं वेंचण्यासाठीं झुंबड उडाली, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. गर्दीचा धर्म असा कीं, पुढें काय घडलें तें मागच्यास दिसत नाहीं. तो पुढें सरकतच राहतो. चौरस मीटरभर जागेंत पांचसहा माणसें कोंबलीं गेलीं कीं कोणाचे पाय कोणाच्या ताब्यांत राहत नाहींत, आणि बहुतेकांचा जीव पायाखालीं तुडवून नव्हे तर छाती दबून, श्वास कोंडून जातो. अशा जागीं तोंडावर उभें राहून लोकांस मागें रेटणारा बलदंड स्वयंसेवक उपकारापेक्षां अपकारच अधिक करील. पाहिजे तो असा मनुष्य, जो फर्लांगभर मागें उभा राहून येणारा ओघ वेळींच थांबवितो, पुढची खबर मागें पोंचवितो, जाण्याची वाट येण्याच्या वाटेंत मिसळूं देत नाहीं, आणि गर्दींत प्रसाद किंवा पैसा फेंकणारा कितीहि मोठा असला तरी त्याचा हात धरतो. त्याची जागा देवापासून दूर असते. त्यास दर्शन घडत नाहीं आणि छायाचित्रांतहि तो दिसत नाहीं.

२०१५ च्या सिंहस्थांत अपघात टळला. पण पहिल्या पर्वणीस बंदोबस्त इतका कडक ठेवण्यांत आला कीं म्हाताऱ्याकोताऱ्यांस मैलोगणती पायपीट करावी लागली. पोलिसांस वाटा अडवितां येतात. थकलेल्या म्हातारीस कोणत्या बोळांतून घाटाकडे न्यावें, हें पंचवटींतील पोरासच ठाऊक. २०२७ च्या पर्वण्यांच्या तारखा ठरल्या आहेत. पहिली २ ऑगस्टची, दुसरी ३१ ऑगस्टची. तालमी, मंडळें, रोटरी, लायन्स, महाविद्यालयांचीं पथकें यांनीं एकत्र बसून स्वयंसेवकांस शिक्षण देण्याचें काम त्यापूर्वीं चांगलें वर्षभर चालावयास पाहिजे. त्या शिक्षणांत स्त्रियांस घ्यावें. यात्रेंत निम्म्या स्त्रिया असतां त्यांस सांवरणारे सारे पुरुषच, हा हट्ट कशासाठीं?

आतां आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द. वर्गणीचा मोठा भार आपल्यावर असतो, आणि पुष्कळ वेळां आपण ती 'जाऊं द्या, कोण वाद घालतो' म्हणून देतां. असें देणें आम्हांस पसंत नाहीं. धर्मादाय खात्याची परवानगी आहे काय, हें विचारावें, पावती घ्यावी, गेल्या वर्षाचा हिशेब मागावा. आणि एक नवी अट घालावी: मंडळानें दुसऱ्या दिवशींच्या पहाटेसाठीं आपल्या कोणत्या सभासदांचीं नांवें दिलीं आहेत, ती यादी दाखवा, मग वर्गणी घ्या. मेनरोडवरील पांचपन्नास दुकानदारांनीं ही अट एक वर्ष धरली, तर आमच्या दहा लेखांनीं व्हावयाचें नाहीं तें काम होईल.

ज्या मंडळाची अशी यादी आमच्याकडे येईल ती आम्ही बिनमोबदला छापूं. अध्यक्षाचें नांव तींत असल्यास सर्वांच्या आधीं.