अंगणातल्या गाडीला वीज देताना



पनवेलच्या पलीकडे आपल्या शेतावर पर्यटकांची सोय करणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "साहेब, आमच्याकडे हल्ली मोठमोठ्या गाड्या मुक्कामाला येतात. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, गाडीतच न्हाणी. नवी मुंबईहून शनिवारी येतात आणि रविवारी सांजेला जातात. त्यांना रात्रभर वीज लागते. परवा एका पाहुण्यांनी विचारले, तुमच्याकडे सर्ज प्रोटेक्टर आहे का? आम्हाला काही उत्तर देता आले नाही. दुकानात गेलो तर नाना तऱ्हेच्या डब्या दाखवल्या. त्यातली कोणती घ्यावी?"

प्रश्न मोठा योग्य वेळी आला आहे. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आणि लगेच २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचेही आले. कॅराव्हॅन म्हणजे हीच ती चाकांवरची खोली. ज्यांच्या अंगणात अशी गाडी कधी येणार नाही, त्यांनीही पान उलटू नये. गाडीला जे लागते तेच तुमच्या फ्रीजला, टीव्हीला आणि गोठ्यातल्या दूध काढायच्या यंत्रालाही लागते. शिवाय आता वळवाचे दिवस, आभाळ कधी कडाडेल त्याचा नेम नाही.

तर ताई, दुकानातली डबी तूर्त दुकानातच राहू द्या. आधी तुमच्या खांबाचे अर्थिंग पाहू.

गाडी उभी असते रबरी चाकांवर, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. गाडीच्या आत एखाद्या वायरीचे कव्हर घासून तांबे उघडे पडले आणि ते पत्र्याला टेकले, तर सगळा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्याला काहीच कळत नाही, कारण तो स्वतः गाडीतच आहे. पण त्याचे लेकरू अनवाणी खाली उतरते, पाय ओल्या मातीत, हात दाराच्या कडीवर, आणि वीज त्या लेकराच्या अंगातून जमिनीत जाते. नुसता सर्ज प्रोटेक्टर अशा वेळी काही करत नाही, त्याचे ते कामच नव्हे. तिथे दोनच गोष्टी जीव वाचवतात. एक म्हणजे खरे अर्थिंग, आणि दुसरी म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा आरसीसीबी गेलेली वीज आणि परत आलेली वीज सतत मोजत असतो. दोहोंत फरक पडला की वीज कुठेतरी गळते आहे असे समजून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लाईन तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर तो पडला नाही तर तो कुचकामी झाला.

खरे अर्थिंग असे मुद्दाम म्हटले, कारण खोटे अर्थिंग गावोगाव आहे. सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक अर्थिंगचे. काही वायरमन खड्डा खणण्याचा त्रास वाचवतात आणि न्यूट्रलचा एक तुकडा आतल्या आत त्या भोकाला जोडून देतात. टेस्टरने पाहिले तर काही वावगे दिसत नाही. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी गाडीतल्या दिव्यातून, पंख्यातून फिरून आलेला फेज याच तुकड्यावाटे थेट पत्र्यावर येईल. अर्थिंग मुळीच नसण्यापेक्षाही हे वाईट. याच्या उलट, अर्थिंगच्या तारेवर फेज देऊन बल्ब लावणारेही आहेत. घरात असे काही असेल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी ते काढून टाका.

खड्ड्याचे तंत्र जुनेच आहे. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची साधारण ६० सेंटिमीटर चौरस पत्री, किंवा अडीच मीटर लांबीचा पाईप. खाली-वर कोळसा आणि मीठ. खोली अडीच ते तीन मीटर. आपल्याकडे काळा कातळ लवकर लागतो. तिथे एक खोल खड्डा मिळत नसेल, तर थोड्या अंतरावर दोन करून पट्टीने जोडावेत. उन्हाळ्यात खड्डा सुकला की अर्थिंगही सुकते, म्हणून न्हाणीचे पाणी जिथे केळीला जाते तिथली जागा फार चांगली. उरणकडच्या खारवट जमिनीत वीज सहज मुरते, पण तीच खार पट्टी खाऊन टाकते. तिकडे दर पावसाळ्याआधी वरचा जोड उघडून पाहावा. जोड हिरवा-पांढरा पडला असेल तर घासून नवा नट-बोल्ट घालावा. वायरमनकडे अर्थ टेस्टर असेल तर मोजून घ्यावे, पाच ओहमच्या आत आले तर उत्तम.

आता न्यूट्रलकडे येऊ. माझ्या मते गावाकडे सगळ्यांत जास्त उपकरणे याच्याच पायी जळतात, आणि आपण दोष मात्र आभाळातल्या विजेला देतो. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळते, म्हणून २३० व्होल्ट. पण दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात. डीपीकडचा न्यूट्रलचा जोड सैल झाला, गंजला किंवा तुटला, की दोन घरे आपोआप एकाच माळेत ओवली जातात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटून घेतात. वाटणी मात्र उरफाटी होते. एका घरात दोन हजार वॅटचा गीझर आहे आणि दुसऱ्यात फक्त पंखा, दिवा, टीव्ही मिळून दोनशे वॅट, तर त्या गरीब घराच्या वाट्याला साडेतीनशेच्या वर व्होल्ट येतात. दिवे एकाएकी लखलखतात, पंखा भणाणतो, शेजारी मात्र दिवे मिणमिणतात. हे दिसले की विचार करत बसू नये. मेन स्विच पाडावा, शेजाऱ्यांना हाक मारून त्यांचाही पाडायला लावावा आणि लाईनमनला बोलवावे.

आता मूळ प्रश्न, सर्ज प्रोटेक्टर करतो काय? शेततळ्याला सांडवा असतो तसा तो समजा. पाणी ठरल्या पातळीच्या वर गेले की सांडवा ते बाजूला काढून देतो. प्रोटेक्टरच्या पोटात झिंक ऑक्साईडची वडी असते. विजेचा दाब नेहमीचा असेल तोवर ती गप्प बसते. दूर कुठे वीज पडून तारेवर हजारो व्होल्टचा धक्का आला, की ती क्षणभर वाट मोकळी करते आणि धक्का जमिनीत सोडून देते. हा धक्का सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरताच असतो. आता, सांडव्याच्या पुढे पाणी वाहायला ओढाच नसेल तर? म्हणजे अर्थिंगच नसेल तर? मग तो धक्का जाणार कुठे? आणि दुसरे, सांडवा घटकाभराच्या लोंढ्यासाठी बांधलेला असतो. कालव्याचे दारच कोणी रात्रभर उघडे ठेवले तर सांडवाच वाहून जाईल. न्यूट्रल तुटल्यावर साडेतीनशे व्होल्ट तासन् तास येत राहिले, तर ती वडी तापते, फुटते, प्रसंगी डबी पेट घेते. म्हणून एकट्या सर्ज प्रोटेक्टरच्या भरवशावर राहू नये.

त्या रात्रभर उघड्या दारासाठी वेगळा राखणदार लागतो, त्याला व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणतात. व्होल्टेज सुमारे २७० च्या वर गेले किंवा १७० च्या खाली आले की तो लाईन तोडतो, आणि ठीक झाल्यावर काही वेळ थांबून जोडतो. हा थांबण्याचा वेळ तीन मिनिटांच्या खाली ठेवू नये, कारण फ्रीज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला लगेच पुन्हा सुरू होणे सोसत नाही. पंपाच्या स्टार्टरमधला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर तुमच्या परिचयाचा आहे. त्याचाच हा घरगुती भाऊ म्हणा. घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, याच्यावर ४४० व्होल्ट आले तर हा स्वतः जळतो का? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरे दुकान पाहा.

मग सर्ज प्रोटेक्टर कोणता? गाडीच्या खांबावरच्या पेटीत बसवायचा तो टाईप २ चा. त्यावर लिहिलेला सततचा दाब २७५ नव्हे, ३२० व्होल्टचा घ्यावा, कारण रात्री उशिरा भार कमी झाला की गावाकडच्या लाईनचा दाब बराच चढतो. झेपणारा धक्का ४० किलोअँपिअरपर्यंत लिहिलेला असावा. सिंगल फेजसाठी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही बाजू सांभाळणारा घ्यावा, त्याला दुकानात १+१ म्हणतात. त्याच्या तारा आखूड आणि सरळ हव्यात, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायरमन शोभेसाठी तारेचे वेटोळे करतो ते करू देऊ नये, त्या वेटोळ्यात धक्का अडतो आणि उपकरणाकडे वळतो. पेटीत सर्ज प्रोटेक्टर आधी, आरसीसीबी नंतर. विस्तारतारेच्या पट्टीवर स्पाईक गार्ड म्हणून जे मिळते ते शेवटच्या टोकाचे, टीव्हीपुरते. त्यावरचे ज्यूलचे आकडे म्हणजे ते एकूण किती धक्के गिळू शकेल त्याचे माप. प्रत्येक धक्क्याने ते झिजते, वरून दिसत मात्र नाही.

मुलगा किंवा भाऊ अमेरिकेत असणाऱ्या घरांसाठी एक सूचना. तिकडे गाड्यांसाठीच बनवलेले चांगले प्रोटेक्टर मिळतात, आणि कौतुकाने कोणी आणूनही देईल. पण तिथला घरगुती दाब १२० व्होल्टचा. ती डबी आपल्या २३० वर लावली की लावल्या क्षणी गेली. मात्र तिथल्या गाडीवाल्यांची एक सवय घेण्याजोगी आहे. त्यांच्या गाडीचा ३० अँपिअरचा प्लग दिसायला तिथल्या घरातल्या २४० व्होल्टच्या प्लगसारखा, म्हणून घरकाम करणारे वायरमन कधी कधी गाडीच्या सॉकेटला २४० जोडून ठेवतात आणि गाडी जळते. त्यामुळे ते लोक गाडी जोडण्याआधी खांब तपासतात. आपल्याकडे तीन दिव्यांचा प्लग टेस्टर मिळतो. सॉकेटमध्ये घातला की फेज-न्यूट्रल उलटे आहे का, अर्थिंग तुटले आहे का, ते दिव्यांवरून कळते. फक्त अर्थिंगला न्यूट्रल जोडले आहे हे त्यालाही कळत नाही, तेवढे पेटी उघडूनच पाहावे लागते.

भाराचेही बघा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन हजार वॅटच्या आसपास चालते. गाडीतला एसी आणि गीझर एकदम लावले तर ते संपलेच. त्यात शेगडी लावली की एमसीबी पडणार. पडला म्हणून मोठा एमसीबी बसवू नये, पाहुण्यांना एकावेळी एक लावा म्हणावे. तार तीन कोरची, अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची. ती रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नये, आतल्या आत तापून वितळते. आणि पंपाच्या लाईनवरून गाडीला वीज मुळीच देऊ नये. शेतीसाठी घेतलेली जोडणी दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचे बिल येते. पर्यटनासाठी लागणारा भार महावितरणकडे रीतसर मागून घ्यावा.

राहिली आभाळातली वीज. थेट घरावर किंवा खांबावर पडली तर पेटीतले कोणतेही यंत्र पुरे पडत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे अॅप मोबाईलवर घेऊन ठेवा, जवळपास वीज पडते आहे का ते त्यावर दिसते. गडगडाट लांब आहे तोवरच गाडीचा प्लग काढायला सांगा. डोक्यावर कडाडू लागल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नये. पाहुण्यांना गाडीच्या बाहेर काढलेल्या कापडी छपराखाली बसू देऊ नका, घरात बोलवा. गाडी पूर्ण पत्र्याची असेल तर काचा लावून आत बसले तरी चालते.

सर्ज प्रोटेक्टरवर एक छोटी खिडकी असते, हिरवी. प्रत्येक वादळानंतर ती पाहावी. लाल झाली असेल तर आतली वडी गेली, ती बदलेपर्यंत त्या खांबावर गाडी लावू देऊ नये.

पुढच्या अंकी भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी करावी ते पाहू. रोपवाटिका टाकायच्या आधी अंक हाती पडेल.