कानातला नाद आणि डब्यातल्या गोळ्या



फटाक्यांची माळ जवळच उडाली, की नंतर काही वेळ कानात 'कुंईऽऽ' असा बारीक आवाज येत राहतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. बाहेर काहीच वाजत नसते, तरी कान वाजत असतो. थोड्या वेळाने तो आवाज विरतो आणि आपण त्याला विसरतो. पण काही माणसांच्या कानातला हा आवाज जातच नाही. यालाच कर्णनाद म्हणतात. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. सुश्रुतसंहितेतील कर्णरोगांच्या यादीतही कर्णनाद आहे. तेव्हा तक्रार जुनीच आहे. नवे आहे ते तिच्या नावाने चालणारे पूरक गोळ्यांचे दुकान. जस्त, गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, मेलाटोनिन, निरनिराळी जीवनसत्त्वे; जाहिरात म्हणते, 'घ्या आणि कानातला आवाज घालवा.' हा दावा विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही, आणि तो कसा तपासायचा हे तुम्हाला शाळेतच समजले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हा आवाज येतो कुठून ते पाहू. आपल्या अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखे वळलेले कर्णावर्त असते. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात आणि त्यांच्या टोकाला केसांसारखे तंतू असतात. ध्वनीच्या कंपनांनी हे तंतू हलतात, आणि त्यातून निघालेले विद्युत्-संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातात. मोठ्या आवाजाने किंवा वयोमानाने या पेशी मेल्या, तर माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे जाणारे संदेश कमी पडतात. रेडिओवर केंद्र नीट लागत नसले, की आपण आवाज वाढवतो आणि खरखरही वाढते ना? मेंदूही तसेच काहीसे करतो, असे आज अनेक संशोधक मानतात. म्हणजे दोष पुष्कळदा मेलेल्या पेशींत आणि मेंदूच्या या सवयीत असतो. कानात साठलेला मळ, काही औषधे, रक्तक्षय अशीही कारणे असू शकतात. इतक्या निरनिराळ्या कारणांवर एकच गोळी कशी चालावी, ही पहिली शंका.

'पण अमक्याला गुण आला!' असे कोणीतरी सांगतेच. ते खोटे बोलत असतील असे नाही. मात्र कर्णनाद रोज सारखा नसतो. झोप कमी झाली, काळजी वाढली, की तो जास्त जाणवतो. पुन्हा कमी होतो. त्याचा आलेख काढला तर डोंगर-दऱ्यांसारखा दिसेल. आता सांगा, माणूस गोळ्या आणायला दुकानात केव्हा जातो? त्रास शिखरावर असताना! शिखरानंतर उतार यायचाच होता. तो आला, आणि श्रेय गोळीला मिळाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढेच.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? वहीत चार खणांची चौकट आखा. पहिल्या खणात गोळी घेतली आणि बरे वाटले असे लोक. दुसऱ्यात गोळी घेतली पण बरे वाटले नाही असे. तिसऱ्यात गोळी न घेताही बरे वाटले असे. चौथ्यात गोळी घेतली नाही आणि बरेही वाटले नाही असे. जाहिरात तुम्हाला नेहमी फक्त पहिला खण दाखवते. विज्ञान चारही खण भरल्याशिवाय बोलत नाही.

ब्रिटनमध्ये असे चारही खण भरणारा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. कर्णनाद असलेल्या काही जणांना गिंकोच्या गोळ्या दिल्या, तर काहींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला कोणती गोळी मिळाली हे त्यांना ठाऊक नव्हते. बारा आठवड्यांनी विचारले, तेव्हा खरी गोळी घेणाऱ्या ३६० पैकी ३४ जणांनी त्रास कमी झाल्याचे सांगितले. आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी किती जणांनी? ३६० पैकी ३५! गणित तुम्हीच करा.

२०१६ साली जस्ताविषयीच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. प्रयोग तीनच होते आणि त्यांत माणसे होती २०९. जस्ताने कर्णनाद कमी होतो असा पुरावा त्यांत मिळाला नाही. त्याच वर्षी ५३ देशांतील १,७८८ रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. पूरक गोळ्या घेणाऱ्यांपैकी ७०.७ टक्के लोकांना काहीच फरक वाटला नाही, १९ टक्क्यांना बरे वाटले आणि १०.३ टक्क्यांचा त्रास उलट वाढला. जाहिरातीतले अनुभव त्या १९ टक्क्यांचे असतात. बाकीचे बोलत नाहीत. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले, की कर्णनादासाठी गिंको, मेलाटोनिन, जस्त किंवा इतर पूरके सुचवू नयेत.

कोणी म्हणेल, 'घेऊन पाहायला काय हरकत आहे?' हरकत आहे. जस्त दीर्घकाळ जास्त पोटात गेले तर शरीरात तांब्याची कमतरता होते. ब-६ जीवनसत्त्वाचा अतिरेक मज्जातंतूंना इजा करतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या आजोबांनी गिंको घेतले तर रक्तस्रावाचा धोका संभवतो. पण सर्वांत मोठे नुकसान वेळेचे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, आवाज एकाच कानात येऊ लागला किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येऊ लागला, तर गोळ्यांचा डबा उघडत बसू नये. तातडीने डॉक्टरांना कान दाखवावा.

येथे एक भेद लक्षात ठेवा. रक्ततपासणीत ब-१२ किंवा लोह खरोखरच कमी आढळले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जरूर घ्यावे. पण तो त्या कमतरतेवरचा उपचार आहे. कोणाच्याही कर्णनादावरचा नव्हे.

मग कर्णनाद झालेल्याने हताश व्हावे काय? मुळीच नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आराम पडतो. रात्री पंख्यासारखा मंद आवाज चालू ठेवला की नाद कमी टोचतो. त्या आवाजाची भीती आणि चीड कमी करणाऱ्या मानसोपचार पद्धतीचा उपयोग होतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. आवाज उरला तरी त्याचा जाच कमी करता येतो.

आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाबूत पेशी शाबूत ठेवणे. कामगारांसाठी वापरली जाणारी एक मर्यादा सांगते, की ८५ डेसिबेलचा आवाज दिवसात ८ तास चालेल. त्यापुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. हिशेब करीत गेलात तर १०० डेसिबेलला अवघी १५ मिनिटे उरतात! मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तुम्ही किती वेळ नाचता, कानात हेडफोन घालून आवाज कुठवर चढवता, याचा विचार करा. ही काळजी फुकट आहे, म्हणूनच तिची जाहिरात कोणी करीत नाही.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात पूरक गोळ्यांचे रिकामे डबे मागवा आणि मुलांना त्यांवरचा मजकूर वाचायला लावा. आपल्या देशातील नियमांनुसार अशा पूरकांवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ती मुलांनाच शोधू द्या. मग फळ्यावर चार खणांची चौकट आखा आणि विचारा, 'यांनी आपल्याला किती खण दाखवले?'